पिलरचं मॉडेल करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या युटा राज्यात, क्रँडल कॅन्यन कोळसा खाणीत ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे पिलर (छत तोलायला खाणीत सोडलेले कोळशाचे खांब) एकापाठोपाठ एक फुटत गेले आणि सहा खाणकामगार आत अडकले. त्यांचे मृतदेहही बाहेर काढता आले नाहीत. १६ ऑगस्टला, त्यांच्यापर्यंत पोचायला वाट मोकळी करत असताना साइड (वाटेच्या बाजूची कोळशाची भिंत) पुन्हा फुटली आणि बचावासाठी गेलेले तिघे दगावले.

तिथलं खोदकाम आखताना संगणकीय मॉडेलचा आधार घेतला होता. कितीही दाब आला तरी पिलरचा गाभा फुटणारच नाही, अशी मूल्यं त्या मॉडेलमध्ये भरलेली होती, असं सरकारी चौकशीत निघालं. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तरेकडच्या बॅरियरमध्ये (खाणीचे भाग वेगळे ठेवणाऱ्या कोळशाच्या जाड पट्ट्यात) कोळसा उसळून अंगावर आला होता. त्यानंतर मॉडेल बदललं, तरी ही मूळ चूक तशीच राहिली. म्हणून मी तिला पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

न फुटणारा पिलर

आख्खं पॅनल (एकत्र खोदायचा खाणीचा भाग) मांडण्याआधी एकच पिलर घ्या, वर छत आणि खाली फ्लोअर ठेवा आणि वरून संथ, एकसारख्या वेगाने दाबत जा. स्ट्रेस-स्ट्रेनचा (दाब आणि त्याने होणारं आकुंचन यांचा) आलेख काढा. रुंदी उंचीच्या तीन-चार पट असेल, तर आलेख शिखर गाठून खाली यायला हवा. तो वरच चढत राहिला, तर फुटल्यानंतर ताकद कशी घटते हे मॉडेलला सांगायचं राहून गेलंय. असं मॉडेल पुढे नेऊच नका. ते प्रत्येक आराखड्याला ‘सुरक्षित’ म्हणेल.

शिखर कुठे यावं? प्रयोगशाळेतल्या लहान नमुन्याची ताकद जशीच्या तशी भरली, तर ते फार वर जातं, कारण मोठ्या पिलरमध्ये भेगा जास्त असतात. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या सीएमआरआय या खाण संशोधन संस्थेच्या सूत्रात कोळशाच्या २५ मिमी घनाच्या ताकदीला ०.२७ ने गुणतात आणि उंची वाढेल तशी ती आणखी कमी करतात, ते याचसाठी. सूत्राचं उत्तर आणि मॉडेलचं शिखर जवळ येईपर्यंत मूल्यं जुळवा. छत आणि कोळसा यांच्यामधला सांधाही तपासा. तो घट्ट चिकटवलेला असेल, तर पिलर उगाच दणकट दिसतो.

साइड एकजिनसी धरणं

कोळशात क्लीट, म्हणजे ठरावीक दिशेने जाणाऱ्या नैसर्गिक भेगा, असतात. गॅलरीची (खोदलेल्या बोगद्याची) साइड क्लीटला समांतर असेल, तर पापुद्रे उभे सुटतात. काटकोनातली साइड बऱ्याचदा शाबूत राहते. एकजिनसी मॉडेल दोन्ही साइड सारख्याच दाखवतं आणि साइड धरून ठेवणारे बोल्ट नको त्या साइडला जातात. क्लीटची दिशा कंपासने मोजून मॉडेलमध्ये घाला. साइडजवळची जाळीही (मॉडेल ज्या छोट्या घटकांत विभागतात ती) बारीक हवी. एक मीटरच्या घटकात अर्ध्या मीटरचा पापुद्रा दिसणार कसा?

आकडा कागदावर न पडताळणं

खोली ३०० मीटर असेल, तर उभा दाब साधारण ७.५ एमपीए (मेगापास्कल, दाबाचं एकक). पिलर केंद्रापासून केंद्रापर्यंत ३० मीटर आणि गॅलरी ४.८ मीटर धरली, तर पिलर उरतो २५.२ मीटर, आणि त्यावरचा सरासरी भार येतो सुमारे १०.६ एमपीए. रुंद पॅनलच्या मध्यातला पिलर मॉडेलमध्ये ६ एमपीए दाखवत असेल, तर मॉडेलच्या सीमा फार जवळ आहेत किंवा एककात घोळ आहे. असंतुलित बल (गणनेत अजून समतोल न झालेलं बल) पुरेसं उतरण्याआधीच गणना थांबवली असेल, तरी असंच होतं.

रंगीत चित्राची पट्टी (कोणता रंग म्हणजे किती मूल्य हे दाखवणारी) हवी तिथे कापू नका. क्रँडल कॅन्यनच्या मॉडेलमधले स्ट्रेस आणि सरकणं पूर्ण पट्टीवर पाहिलं असतं, तर निकाल अवास्तव आहेत हे कळलं असतं, असं चौकशी अहवालात नोंदवलं आहे. शिवाय बॅरियर टिकेल का, हे तिथे तपासलंच नव्हतं. पॅनलइतकंच लक्ष बॅरियरकडेही द्या.

शेवटी टेप घेऊन खाली उतरा. आधीच्या गॅलऱ्यांमध्ये साइड किती खोल सुटली आहे ते क्लीटच्या दोन्ही दिशांना मोजा, फोटो काढा आणि मॉडेलमधल्या फुटलेल्या पट्ट्याच्या खोलीशी ताडून पाहा. खाणीत अर्धा मीटर सुटलंय आणि मॉडेल शून्य दाखवतंय, तर पुढच्या पॅनलला हात घालण्याआधी मॉडेल दुरुस्त करा.