इंजिनचं हेड थंड करायला निघालात? ड्रिल लावण्याआधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, शेजारच्या गावचा एक पोरगा शंभर सीसीची गाडी ढकलत माझ्या दुकानापर्यंत आला. डोक्याला ओला दुपट्टा, तोंड लाल.

"काका, गाडी लय तापून रायली. अन् मी तं हेडले भोकं बी पाडले."

वाकून पाहिलं. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, एकेका फिनला (थंड राहायला बाहेर काढलेल्या पातळ पात्याला) चार-चार भोकं, आठ मिलिमीटरची, सगळी एका ओळीत. मार्किंग करून, पंच मारून पाडलेली. काम सुबक होतं, हे कबूल करतो.

"काऊन पाडले बे?"

"हवा आरपार खेळते ना."

दर्यापूर-मूर्तिजापूरच्या या पट्ट्यात मी बरीच वर्षं पाने फिरवतोय. उन्हाळा लागला की हेडवर असे प्रयोग झालेल्या दोन-चार गाड्या दरवर्षी येतातच. पूर्वी गावातला एखादा हुशार माणूस सांगायचा, आता मोबाइल सांगतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी त्या भोकांचा हिशोब. फिनचं काम एकच, हवेला जास्तीत जास्त पत्रा दाखवायचा. फिन दोन मिलिमीटर जाड धरा. तिला आठ मिलिमीटरचं भोक पाडलं की दोन्ही बाजूंचा मिळून साधारण १०० चौरस मिलिमीटर पत्रा जातो. भोकाच्या आतली जी नवी भिंत मिळते, ती भरते फक्त ५०. म्हणजे प्रत्येक भोकामागे कमाई पन्नासची आणि खर्च शंभराचा. शिवाय उष्णता फिनच्या बुडाकडून टोकाकडे धातूतूनच जाते, तो रस्ता तुम्ही मध्येच खोदून ठेवला. चार मिलिमीटरपेक्षा बारीक भोक पाडलं तर कागदावर किंचित फायदा दिसेल, पण आपल्या काळ्या मातीत ते पहिल्या पावसात बुजणार.

याच जातीची दुसरी हौस म्हणजे जादा फिन चिकटवायची. ॲल्युमिनियमची पट्टी कापायची आणि इपॉक्सीच्या पुट्टीने हेडला लावायची. पट्टी उष्णता छान वाहून नेते, पण पुट्टी ॲल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटीने कमी नेते. हेडच्या आणि पट्टीच्या मध्ये तुम्ही चक्क गोधडी घातली, आणि खालचा उघडा पत्राही झाकून टाकला. मग वेल्डिंग करतो म्हणाल, तर आर्गनवाल्याकडे जाऊन हेड वाकवून आणाल. ॲल्युमिनियम गरम झालं की बिडाच्या दुप्पट फुगतं. एकाच बाजूने तापवलं की खालची बैठक, म्हणजे सिलिंडरवर टेकणारी सपाट बाजू, सरळ राहत नाही, आणि बैठक गेली की मधलं वायू अडवणारं गॅस्केट गेलं.

ऊन किती दोषी?

"आपल्या इकडचं ऊनच असं आहे, गाडी तापणारच," हे वाक्य मी रोज ऐकतो. थोडा हिशोब करू. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड चालत्या गाडीत दीडशे अंशांच्या आसपास असणं ही काही तक्रार नाही. बाहेर ३० अंश असले तर फरक १२० चा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतात, तेव्हा फरक १०५ चा. उष्णता जाते ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे अकोल्या-अमरावतीच्या भर उन्हातही थंड होण्याची ताकद सुमारे आठवा हिस्साच कमी होते. तेवढी सवड बनवणाऱ्याने ठेवलेली असते. गाडी त्यापेक्षा जास्त तापत असेल तर उष्णता दुसरीकडून येतेय, आणि ती जागा शोधायची सोडून हेडवर कानस चालवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचे केस कापणं.

तापतेय की नाही, हेही नीट मोजा. हेडवर थुंकी टाकून चर्र आवाज ऐकणारे मिस्त्री अजून आहेत. लेझरवाला थर्मामीटर आता परवडतो. पण तोही उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, खरं असतं त्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. प्लगजवळ उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा नखाएवढा ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच मोजा. रंगावरून आठवलं, अख्ख्या हेडला घरातल्या दाराचा ऑइलपेंट जाड थरात फासू नका. उष्णता सोसणारा काळा रंग पातळ फवारलेला चालतो.

आणि फिन धुवा हो. पावसाळ्यातली काळी माती फिनांच्या खाचेत बसून वाळली की विटेसारखी होते. बांबूची कामटी आणि रॉकेल, अर्धा तास. मी आजवर हेडवर केलेल्या सगळ्या कारागिरीपेक्षा या कामटीने जास्त इंजिनं थंड केलीत. धुवायचं मात्र गाडी थंड झाल्यावर. शेतातून आल्या-आल्या लाल झालेल्या इंजिनावर बादली ओतणारे लोक तडा गेलेलं हेड घेऊन येतात आणि वर विचारतात, कंपनीचा माल खराब होता काय?

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यांनाच बोल लावतोय असं नको. नवीन-नवीन असताना माझ्या स्वतःच्या गाडीचं गॅस्केट जरासं फुंकायचं. हेड खरादीवर नेलं आणि "मार अर्धा मिलिमीटर, पिकअप बी वाढंल" असं मीच सांगितलं. बैठक आरशासारखी झाली. पिकअप खरंच वाढला. आठ दिवसांनी डबलसीट परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलो, तर हेडमधून टकटक, जसं कोणी आत खडे हलवतंय. मी पिळत राहिलो. वर पोचायच्या आधी गाडी बसली. उघडली तेव्हा पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी होती.

काय झालं होतं ते नंतर कागदावर मांडलं. ९७ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९ ला १ धरा. वरच्या पोकळीत जागा असते जेमतेम १२ सीसी. अर्धा मिलिमीटर घासला की त्यातली जवळपास १ सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९.७ वर पोचतं. त्याच पेट्रोलवर, चढाला, उन्हात मिश्रण वेळेआधी स्वतःहून भडकायला लागतं. असा भडका उडाला की धातूला लागून जो वायूचा पातळ, शांत थर असतो तो फाटतो आणि आग थेट हेडला आणि पिस्टनला चाटते. गॅस्केट वाचवायला गेलो आणि भट्टी करून बसलो. वर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, असलेल्या इंजिनात आणखी एक गोष्ट होते, हेड खाली आलं की चेनचा ताण आणि कॅमचं टायमिंगही थोडं सरकतं. डिझेलमध्ये तर पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर व्हायची भीती.

म्हणून आता मी आधी मोजतो. सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवायची आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालून पाहायचा. छोट्या इंजिनात ०.०५ मिलिमीटरची पाती जात नसेल तर खराद्याकडे जायचंच नाही. जरासं वाकलं असेल तर घरी काचेवर होतं. जाड सपाट काच, तिच्यावर चारशे नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल. हेडच्या बैठकीवर मार्करने चौकडीच्या रेघा मारा आणि आठाच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवा. दाबायचं नाही. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की थांबा. इथेच हात थांबत नाही लोकांचा.

बसवताना नट एका कडेने सुरू करून आवळत जाऊ नका. समोरासमोरचे, तिरके, दोन-तीन टप्प्यांत, आणि शेवटचा टप्पा टॉर्क पान्याने, सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. मोठ्या हेडला मधून सुरुवात करून बाहेर जायचं. "हातालाच कळते आपल्या" म्हणणाऱ्यांचे आटे मी भरून दिलेत.

घरी हेड उघडलंच आहे तर खरा फायदा एका कामात आहे, आणि ते कोणी करत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, घासायचा. त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावरची बरीचशी उष्णता, ढोबळपणे पाऊण हिस्सा, तो सीटवर, म्हणजे तो बसतो त्या कड्यावर, टेकतो तेव्हा सीटमधून हेडमध्ये जाते. उरलेली दांड्यातून. सीटवर कार्बनचे डाग असले, व्हॉल्व्ह नीट टेकत नसला, की त्याला थंड व्हायला जागाच राहत नाही. बारीक पेस्ट लावून घासा, राखाडी रंगाचा अखंड कडा दिसेपर्यंत. मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहा, झिरपायला नको. पेस्टचा कण मात्र आत राहू देऊ नका. टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांड्यावरची फट) जास्त टाइट ठेवली तरी हाच त्रास होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

कार्बन काढायला ॲल्युमिनियमचं हेड कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून ठेवणारे महाभाग आहेत. कार्बन सुटो न सुटो, सोडा ॲल्युमिनियम मात्र खातो. सकाळी हेड काळंठिक्कर आणि आटे गायब. संडासच्या ॲसिडचंही तेच.

पाण्यावरची इंजिनं

आता पंपाचं इंजिन. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी कसं असतं ते मी सांगायला नको, चहा केला की कळतं. तेच पाणी हेडच्या पाणजागेत, म्हणजे पाणी फिरायच्या आतल्या पोकळीत, फिरवलं की भिंतीला क्षार धरतो. एक मिलिमीटरचा तो पापुद्रा उष्णतेला जितका अडवतो तितकं अडवायला बिडाची भिंत एक-दोन सेंटिमीटर तरी जाड लागेल. लोक म्हणतात पाणजागा लहान आहे, खरवडून मोठी करू. अहो, ती लहान नाही, भरलीय. बिडाच्या हेडला कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून भरून ठेवा, बुडबुडे थांबले की ओता, दोन-तीनदा करा, मग स्वच्छ पाण्याने धुवा.

काही जण डिलिव्हरीच्या पाइपातून बारीक नळी काढून विहिरीचं पाणी थेट इंजिनातून सोडतात आणि कॉक पूर्ण उघडून "इंजिन कसं बर्फावानी" म्हणून खूश होतात. डिझेलला इतकी थंडी मानवत नाही. इंधन पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं नळकांडं) घासते. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात फार वेळ धरवू नये इतकं ते गरम असलं पाहिजे, ६०-७० अंश. कॉक तेवढाच उघडा.

ड्रम लावून तेच पाणी फिरवायचं असेल तर खारपाणपट्ट्यात ते जास्त बरं. पावसाचं पाणी साठवून भरलं की क्षाराचा प्रश्न बहुतेक मिटतो. मात्र हेडमधून निघणारी वरची नळी ड्रमपर्यंत सतत चढती हवी, मध्ये कुबड नको, नाहीतर तिथे वाफ अडकते. आणि ड्रममधलं पाणी त्या नळीच्या तोंडाच्या वर राहिलं पाहिजे. पाणी चार बोटं खाली गेलं की फिरणं बंद, ड्रम अर्धा भरलेला दिसतो आणि हेड उकळत असतं. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिलीय.

ट्रॅक्टरवाल्यांनी हेडला हात लावायच्या आधी रेडिएटर पाहावा. सोयाबीन-तुरीच्या मळणीत कुटार (भुसा) उडून जाळीत बसतं. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, आणि प्रेशरचं पाणी जवळून मारून जाळीची पाती वाकवायची नाहीत. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून फेकायचा सल्ला तर प्रत्येक चौकात मिळतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासची वाट बंद होते. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात येतं. अडकला असेल तर नवा टाका. आणि गरम रेडिएटरचं झाकण फिरवू नका, तोंड भाजलेला माणूस मी पाहिलाय.

तर तो पोरगा. गाडी स्टँडवर लावली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा घेऊन थांबलं. ब्रेक इतका आवळलेला की गाडी दिवसभर ब्रेक लावूनच पळत होती. मग इंजिन सुरू करून कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडले, तशी इंजिनाची चाल बदलली. रबर चिरलेलं. तिथून फुकटची हवा आत जायची, मिश्रण पातळ व्हायचं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. ऑइल काढलं तर निम्मंच निघालं. या गाड्यांत असतं जेमतेम लिटरभर, त्यात निम्मं म्हणजे काय उरलं? इंजिनला थंड ठेवण्यात ऑइलचाही वाटा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

रबर, ऑइल आणि मागच्या ब्रेकची सेटिंग. तासाभराचं काम.

"अन् भोकायचं काय करू काका?"

राहू दे म्हटलं. फिन बुडाशी शाबूत होत्या, तडा नव्हता, गाडी चालणार होती. जाताना तो भोकांकडे बघत म्हणाला, "दिसते मस्त, नाई?"

"दिसते," मी म्हणालो, आणि दोन भोकांत अडकलेला वाळला चिखल कामटीने काढून दिला.