गाडीवर क्यूआर कोड लावताय? मग एवढं आधी करा

यूपीआयचा क्यूआर लावणं सोपं आहे. गर्दीच्या वेळी पैसे खरंच आले का, हे ओळखणं अवघड. हातावर पोट असणाऱ्याला एक फसवणूकही परवडत नाही.

१. खातं स्वतःच्याच नावाचं हवं आणि बँकेत नोंदवलेला नंबर तुमच्याच फोनमध्ये चालू हवा. ‘तात्पुरता’ म्हणून भाच्याच्या खात्याचा क्यूआर लावू नका. पुढे कर्ज मागायला गेलात, तर धंद्याची नोंद तुमच्या नावावर सापडत नाही.

२. बँकेतून किंवा पेमेंट अ‍ॅपवरून व्यापाऱ्यांसाठीचा क्यूआर घ्या. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे दर व्यवहारामागे कट मागणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा. बँकेत गेलातच तर पीएम स्वनिधी योजनेची चौकशी करा. फेरीवाल्यांना तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही.

३. भवानी होण्याआधी घरच्या कुणाकडून एक रुपया मागवा. स्क्रीनवर नाव तुमचंच दिसतंय ना, पैसे खात्यात आले ना, ते बघा. हे रोज करा. रात्रीतून तुमच्या क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात.

४. आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी खोटी अ‍ॅप्स आहेत, आणि स्क्रीनशॉट तर कालचाही असू शकतो. तुमचा साउंडबॉक्स (जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा डबा) बोलला किंवा तुमच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली, तरच माल द्या. साउंडबॉक्स मराठीत बोलतो, पण त्याचं मासिक भाडं किती ते घेण्याआधी विचारा. नेटवर्क अडकलं तर ‘दादा, दोन मिनिटं थांबा’ म्हणायला संकोच करू नका. हक्काचे पैसे आहेत तुमचे.

५. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढतोय. ओटीपीही कुणाला सांगू नका. तरीही फसलात तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात जाते आणि अडवणं कठीण होतं.

६. गल्ल्यात सुटे ठेवाच. रोख देणारी आजी परत जाता कामा नये. गाडी आवरताना रोख आणि अ‍ॅपमधली जमा एकाच वहीत लिहा.