ऑनलाइन पोकर: खुर्ची निवडायची कशी, बदलायची कशी

आधी एक गोष्ट. २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानुसार भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवायला बंदी आहे. त्यामुळे हे सगळं फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी, किंवा जिथं हा खेळ कायदेशीर आहे अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी.

टेबल उघडलं की रिकामी खुर्ची दिसली म्हणून लगेच बसू नका. दहा-पंधरा डाव नुसते बघा. हुडकायची ती दोनच माणसं: ऊठसूट रेझ करणारा, म्हणजे लावायची रक्कम वाढवणारा, आणि भारी पानं आल्याशिवाय चिप्सना हात न लावणारा. पाळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. म्हणजे तुमच्या उजव्या हाताचा गडी तुमच्या आधी बोलतो, डाव्या हाताचा नंतर. रेझवाला उजवीकडे हवा, मुखदुर्बळ डावीकडे.

समजा सहा जणांचं टेबल आहे, ब्लाइंड (पत्ते मिळण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं भरायची सक्तीची रक्कम) ५० आणि १००; मोठा तो बिग ब्लाइंड. चार नंबरवाला जवळपास प्रत्येक डाव ४०० वर नेतो. तुम्ही तीन नंबरवर, हातात राजा आणि दश्शी. १०० टाकून आत शिरलात की तो ४०० करणार. मग आणखी ३०० भरा, नाहीतर टाकलेल्या १०० वर पाणी सोडा. तेच पाच नंबरवर असता तर ४०० चा आकडा आधीच समोर आला असता, आणि पत्ते फुकटात टाकता आले असते. म्हणून पाच नंबर रिकामा झाला रे झाला की हलायचं.

हलायचं कसं? खुर्चीवरून उठायचं आणि रिकाम्या जागेवर क्लिक करायचं. मुहूर्त मात्र साधा: आपला बिग ब्लाइंड यायच्या जरा आधी उठा, म्हणजे फेरीतले फुकटचे डाव वाया जात नाहीत. नव्या जागी बसल्यावर ‘बिग ब्लाइंडची वाट बघा’ हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर बहुतेक ठिकाणी पत्ते मिळण्याआधीच १०० भरावे लागतात. (तीन पत्ती खेळून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. तिथं ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, इथं ती सक्तीची रक्कम.) उठताना मोठा ढीग होता आणि परत बसताना थोड्याच चिप्स आणल्या, हेही चालत नाही. त्याच टेबलावर लगेच परतलात तर बहुतेक साइट्स नेलेल्या सगळ्या चिप्स परत आणायला लावतात. काही साइट्स तर खुर्ची स्वतःच ठरवतात. तिथं टेबल बदलणं एवढंच हातात.

सेटिंगमधल्या ‘प्रेफर्ड सीट’ला मात्र भुलू नका. मी कितीतरी दिवस ती बदलून खूश होतो. त्यानं फक्त पडद्यावरचं चित्र फिरतं आणि तुम्ही खाली मध्यभागी दिसता. रेझवाला आहे तिथंच, तुमच्या डोक्यावर.

टूर्नामेंटमध्ये जागा सॉफ्टवेअर देतं, टेबलंही तेच जुळवतं. झटपट पत्ते टाकून दुसऱ्या टेबलावर नेणाऱ्या प्रकारात तर दर डावाला शेजारी नवे, तिथं खुर्चीचा विचारच करायला नको.