हरवलेली अंगठी शोधून देताना: मेटल डिटेक्टर नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर मी लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, मंगळसूत्राच्या वाट्या, जोडवी शोधून देतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. हे काम सुट्टीच्या दिवशी आणि फोन येईल तेव्हा. हल्ली विशी-पंचविशीतली बरीच मुलं भेटून विचारतात, "दादा, मशीन कुठलं घेऊ?" मशीनबद्दल सांगणारच आहे. पण या कामात नवखा माणूस अडतो तो बहुतेक वेळा समोरच्याला नीट विचारलं नाही म्हणून. तेव्हा आधी ते.

अंगठी हरवलेला माणूस भांबावलेला असतो. तो बोट दाखवून "इथेच पडली" म्हणतो, ती बहुधा अंगठी नाही हे लक्षात आल्याची जागा असते. पडल्याची जागा निराळी. म्हणून डिटेक्टर पिशवीतून काढायच्या आधी त्यांना बसवा, पाणी द्या आणि दिवस पहिल्यापासून सांगायला लावा. अंगठी बोटात असल्याचं शेवटचं पक्कं कधी आठवतं? पाण्यात गेलात तेव्हा हातात काय होतं? क्रीम किंवा खोबरेल लावलं होतं का? चेंडू फेकला का? पाण्यात भिजून हात गार पडले की बोटं आक्रसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी सहज निसटते. सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र फोनमधल्या फोटोंचा. अंगठी दिसते असा शेवटचा फोटो आणि बोट मोकळं दिसतं असा पहिला फोटो, या दोघांच्या वेळा मिळाल्या की शोधायची जागा एकदम आवळत येते.

भाट्याच्या किनाऱ्यावर सांगलीकडचं एक नवं जोडपं होतं. साखरपुड्याची अंगठी. "कमरेएवढ्या पाण्यात होतो, लाटेनंच नेली," असं नवरा ठासून सांगत होता. मी फोटो मागितले. पाण्यातून बाहेर आल्यावर मक्याचं कणीस खातानाचा एक फोटो होता, त्यात कणसावर धरलेल्या बोटात अंगठी स्वच्छ दिसत होती. त्यानंतरचा फोटो सुरूच्या झाडांजवळ चटईवरचा, त्यात बोट मोकळं. "मधे काय केलंत?" म्हटल्यावर बायको म्हणाली, "काही नाही हो, टॉवेल झटकला. आणि यांनी वाळू हातावर चोळून कणसाचं तिखट-मीठ काढलं." मग तिच्या बोटातली जोडीची अंगठी मागून घेतली, तिला लाल दोरा बांधला, वाळूवर ठेवून तिच्यावरून कॉईल, म्हणजे मशीनच्या टोकाची तबकडी, फिरवली. प्रत्येक धातूच्या वस्तूला मशीन एक आकडा देतं, पडद्यावर नऊचा आला. नवऱ्याची अंगठी जाड, म्हणजे तिचा आकडा थोडा वर यायला हवा. चटईच्या जागेभोवती पट्टे मारायला लागलो. पहिला आवाज सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा निघाला. पुढचा तेराचा होता, दोन्ही बाजूंनी कॉईल नेली तरी आकडा न हलणारा. चार बोटं खोल, कोरड्या वाळूत अंगठी उभी रुतलेली होती आणि आतल्या बाजूला कोरलेल्या नावाच्या अक्षरांत वाळूचे कण अडकून बसले होते. त्या दिवशी मी पाण्याला पायही लावला नाही.

दोरा बांधायचं विसरू नका. नमुन्याची अंगठीही त्याच वाळूत हरवू शकते.

अंगठी खरंच पाण्यात पडली असेल तर भरती-ओहोटीचं गणित लागतं. आपल्याकडचे जुने लोक तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात आणि अंदाजाला ते आजही पुरतं. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि रोज हे सगळं पाऊण तास ते तासभर पुढे सरकतं. आता समजा, पौर्णिमेला दुपारी चार वाजता कुणाची अंगठी गुडघाभर पाण्यात पडली. त्या वेळी पाणी उतरत होतं. तासाभरानं तीच जागा उघडी पडलेली असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पावणेसहा-सहाच्या सुमारास पुन्हा उघडी पडेल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते फारसं उतरत नाही आणि खोलवर पडलेली वस्तू पाण्याखालीच राहते. म्हणून कोणी फोन केला की माझा दुसरा प्रश्न तिथीचा असतो. गणित झालं की भरतीचं छापील कोष्टक पाहून घ्या, कारण प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते.

वेळ दवडू नका. 22 कॅरेट सोनं पाण्याच्या साडेसतरा पटींहून जड, वाळूचा कण अडीच-पावणेतीन पट. लाटांनी वाळू ढवळली जाते तशी अंगठी खाली-खाली जाते आणि खालच्या कडक थरावर जाऊन बसते. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरची वाळूच समुद्र ओढून नेतो आणि पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणून टाकतो. मे महिन्यात हरवलेली अंगठी दिवाळीत शोधायची, तर ती कुठे असेल हे सांगता येत नाही.

आता मशीन. कॉईल बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यामुळे खालच्या धातूत वीज फिरू लागते आणि त्या विजेचा प्रतिसाद मशीन ऐकतं. परदेशातले व्हिडिओ पाहून "एवढ्या खोलीवर मिळतं" असं मनात धरून लोक पैसे घालतात, पण आपली जमीन वेगळी आहे. मांडवीची काळी वाळू पाहा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मालगुंडपासून पूर्णगडापर्यंत ठिकठिकाणी इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे साठे आहेत, त्यात लोह आहे. वर आलात तर जांभा, तोही लोहानं भरलेला. घाट चढलात तर बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, त्यातही मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज. म्हणजे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जमीन स्वतःच मशीनशी बोलत असते. त्यावर ओल्या वाळूतलं खारं पाणी, तेही वीज वाहून नेतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्त मशीन अशा जागी नुसतं किरकिरत राहतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन घ्या. मी मायनलॅब कंपनीचं एक्विनॉक्स 800 वापरतो. त्याच्या तोडीची नोक्ता, एक्सपी या कंपन्यांचीही आहेत. फार काळ्या वाळूत पल्स इंडक्शन (विजेचे तुटक झटके सोडणाऱ्या) प्रकारचं मशीन जास्त खोल जातं, पण ते लोखंड आणि सोनं यांत जवळपास फरक करत नाही, प्रत्येक खिळा उकरावा लागतो. नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

नव्या किनाऱ्यावर गेलात की लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवीला काळी भुकटी दाट चिकटली तर ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनकडून वजा करून घेणं) सावकाश करा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा तिखटपणा, उतरवा आणि कमी खोलीवर समाधान माना. सेन्सिटिव्हिटी चढवून जास्त मिळेल असं वाटतं, मिळतो फक्त गोंगाट.

मशीन आलं की पहिला आठवडा किनाऱ्यावर जाऊ नका, ओळखीच्या सोनाराकडे जा. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याला विनंती करा आणि लाकडी पाटावर एकेक दागिना ठेवून आकडे लिहून घ्या. 18 कॅरेट आणि 22 कॅरेट, बारीक लेडीज अंगठी आणि जाड जेंट्स अंगठी, चांदी, प्लॅटिनम. माझ्या मशीनवर आकडे उणे 9 ते 40 असे असतात. लोखंड उणे बाजूला, चांदी वरच्या टोकाकडे आणि सोन्याच्या अंगठ्या खालच्या-मधल्या भागात, नेमक्या जिथे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि पेयांच्या कॅनची ओढून उघडायची झाकणं येतात तिथे. म्हणून सोनं शोधणाऱ्याला कचरा उकरावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

सोनाराकडे आणखी एक गोष्ट कळेल. बंद कड्याच्या अंगठीत वीज गोल फिरते, आवाज भक्कम येतो. तीच अंगठी तुटलेली असली, कडं उघडं असलं, की आवाज एकदम पडतो. जोडवी बहुतेक उघडी किंवा वेटोळ्याची असतात, पण चांदीची आणि जाड, म्हणून सापडतात. बारीक साखळी फार अवघड, कारण मशीनला ती सुट्या सुट्या इवल्या कड्यांसारखी दिसते. मंगळसूत्राचे काळे मणी मशीनला दिसत नाहीत, म्हणून शोधायचं वाट्यांना. वाटी पोकळ असते, आत लाख भरलेली, तरी सोन्याचा पत्रा रुंद असल्यानं ती चांगली बोलते. नथीला मात्र मी आधीच सांगतो की आशा कमी आहे. मोती मशीनला लागत नाहीत, आणि उरते ती बारीक तार. हिऱ्याचंही तसंच. खडा निखळून पडला असेल तर डिटेक्टरचा उपयोग नाही, चाळणी घेऊन बसावं लागतं.

प्रत्यक्ष शोध कंटाळवाणा असतो आणि तो कंटाळवाणाच ठेवावा. चार लाकडी खुंट्या, सुतळी, मीटरभर रुंदीचे पट्टे. कॉईल वाळूला समांतर, जवळजवळ टेकलेली. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा अर्धा भाग पुन्हा झाकायचा. सगळा चौकोन झाला की तोच आडव्या दिशेनं पुन्हा, कारण उभी रुतलेली अंगठी कधी कधी एका बाजूनं गप्प राहते आणि दुसऱ्या बाजूनं बोलते. खुंट्या लोखंडी नकोत, हातात कडं नको, बुटात पोलादी टोपी नको. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला होता. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधू दिलं आणि गोळी सापडली नाही. घरच्या मंडळींना आधीच सांगा की कोणी हातानं उकरू नका. आठ-दहा जणांनी वाळू उपसली की वर असलेली अंगठी ढिगाखाली जाते.

गणपतीनंतर फोन वाढतात. मूर्तीच्या गळ्यातली सोन्याची कंठी किंवा अंगठी काढायची राहते आणि विसर्जन होऊन जातं. खाडीच्या घाटावर तारा, खिळे, मखराचे पत्रे यांचा खच असतो आणि लोखंडाच्या आवाजाखाली सोन्याचा आवाज दबतो. अशा ठिकाणी लहान कॉईल लावा, हळू चाला आणि ओहोटीची वाट पाहा. एकट्यानं पाण्यात उतरू नका. गणपतीपुळ्याचा समुद्र किती माणसं घेऊन गेला आहे हे इथल्या कोणालाही विचारा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मी सोबत कोणी असल्याशिवाय जात नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, वाळूत दबलेलं पाकट (काटेरी शेपटीचा मासा) असलं तर बाजूला होतं.

परवानगीचं हलक्यात घेऊ नका. 1993 साली रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली तेव्हापासून कोकणच्या किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाची चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी जाऊन ओळख करून द्या. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या आवारात मशीन नेऊच नका. 1958च्या प्राचीन स्मारक कायद्यानं तिथे परवान्याशिवाय उत्खननाला बंदी आहे. 1878चा निखात निधी कायदाही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

हे सांगायचं कारण म्हणजे तुम्हाला गुप्तधनासाठी फोन येतील. "वाड्याच्या मागे हंडा आहे, अर्धा तुमचा." कधी सोबत मांत्रिकही असतो. एका शब्दात नाही म्हणा आणि पुन्हा तो फोन घेऊ नका. अशा नादात महाराष्ट्रात लहान मुलांचे जीव गेलेले आहेत आणि 2013चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच अघोरी प्रकारांसाठी आहे. त्या माणसांबरोबर एकदा जरी दिसलात तरी अंगठी हरवलेली बाई तुम्हाला विश्वासानं बोलावणार नाही.

शोधताना तिसऱ्याच कोणाची वस्तू सापडली तर ती तुमची होत नाही. 1872च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मी फोटो काढून पोलीस ठाण्यात जमा करतो आणि पोच घेतो. अंगठी परत देतानाही आधी वर्णन ऐकायचं, कोरलेलं नाव किंवा खरेदीची पावती जुळवायची आणि मगच मूठ उघडायची.

पैशांचं आधी बोला. माझी पद्धत अशी: येण्या-जाण्याचा खर्च कोणत्याही परिस्थितीत, बाकी अंगठी मिळाली तर त्यांच्या खुशीनं. यावर घर चालत नाही, हे घरच्यांना आणि स्वतःला सुरुवातीलाच सांगून टाका. अंगठी मिळाली नाही तर "मिळेल, मिळेल" म्हणत लोकांना थांबवून ठेवू नका. कोणता भाग तपासला, कोणता राहिला आणि का, हे कागदावर चौकोन काढून द्या. पुढे दुसरा कोणी शोधायला आला तर त्याला तो कागद उपयोगी पडतो. असा एक कागद पाहून एका महिलेला आठवलं होतं की आपण त्या भागात गेलोच नव्हतो, घोडागाडी उभी असते तिथे उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो आणि वाटी मिळाली.

जाहिरातीवर खर्च करू नका. किनाऱ्यावरचे जीवरक्षक, घोडागाडीवाले, शहाळंवाले आणि जवळच्या लॉजचे मॅनेजर यांच्याकडे नंबर देऊन ठेवा. अंगठी हरवल्यावर माणूस सगळ्यात आधी त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी धावत जातो. त्यांना एवढंच सांगून ठेवा की हरवल्याची जागा आणि वेळ लगेच लिहून घ्या, आणि मी येईपर्यंत कोणाला उकरू देऊ नका.