सोलापूरच्या हिवाळ्यात मोटारसायकल गंजापासून कशी जपावी

सोलापुरात हिवाळ्यात पाऊस नसतो आणि युरोपातल्याप्रमाणे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठही टाकले जात नाही; त्यामुळे गंजाची चिंता पावसाळ्याबरोबर संपली, असा समज सहज होतो. परंतु लोखंड गंजण्यासाठी पाऊसच हवा असे नाही. हवेतील प्राणवायू आणि धातूवर काही तास टिकणारा पाण्याचा पातळ थर एवढे पुरेसे असते. त्या पाण्यात क्षार मिसळले, तर गंज अधिक वेगाने चढतो.

आपल्याकडे हा थर प्रामुख्याने दवामुळे तयार होतो. उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर पहाटे दव साचते. टाकी आणि सीट आपण सकाळी पुसतो. मात्र स्पोकची टोके, स्टँडचे सांधे, मडगार्डची आतली बाजू आणि इंजिनाखालचे नट-बोल्ट ओलेच राहतात. त्यातच हा उसाच्या गळिताचा हंगाम. पंढरपूर किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्याने नियमित ये-जा करणाऱ्यांच्या गाडीवर ट्रॉल्यांतून सांडलेले पाचट, चिकट रस आणि शेतातून चाकांबरोबर आलेली काळी माती यांचा थर बसतो. ही माती ओल धरून ठेवते आणि वाळली तरी कोपऱ्यांत चिकटून राहते. त्यामुळे या चार महिन्यांत दर आठवड्याला गाडीचा खालचा भाग धुवावा; वरचा भाग ओल्या फडक्याने पुसला तरी चालतो.

नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने बहुतेक जण बोअरच्या पाण्याने गाडी धुतात. ते पाणी जड असते आणि वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवते. शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची असावी आणि गाडी उन्हात आपोआप वाळू देण्याऐवजी लगेच कोरडी पुसावी. यासाठी सोलापुरी टर्किश टॉवेल जुना झाला की त्यासारखे फडके नाही. कपड्यांची पावडर टाळावी, कारण ती रंगावरील मेणाचा थरही काढून टाकते. वॉशिंग सेंटरमध्ये धुवून घेतल्यास पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर धरू देऊ नये. शेवटी खालून डिझेल मारून घेण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. त्यावर धूळ बसते आणि रबरी भाग खराब होतात.

पुसून झाल्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी, म्हणजे फटींतले पाणी निघून जाते. त्यानंतर चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून पूर्ण कोरडी करावी आणि तिच्या आतल्या बाजूला चेन ल्यूब किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. साधारण ५०० किलोमीटरला हे करावे. रंगावर आणि क्रोमवर मेण, बॅटरीच्या टर्मिनलवर थोडे व्हॅसलीन आणि उघड्या बोल्टवर ग्रीसचा हलका हात पुरतो. डिस्कवर किंवा टायरवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस पापुद्रा दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

सायलेन्सर मात्र आतून गंजतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड सकाळी दीड-दोन किलोमीटरच गाडी चालवली, तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ती वाफ आतच पाणी होऊन साचते. माझ्या पहिल्या गाडीचा सायलेन्सर वरून चकचकीत आणि खालून चाळणी झाला, तो घर ते कचेरी एवढ्याच फेऱ्यांमुळे. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास लांब फेरी मारावी आणि सायलेन्सरच्या तळाला पाणी निघण्याचे बारीक छिद्र असल्यास ते बुजलेले नाही ना, हे पाहावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेतली ओल टाकीच्या भिंतींवर जमते आणि पेट्रोलमधले इथेनॉल ती शोषून घेते.

गंज दिसलाच, तर तो वाढण्याची वाट पाहू नये. क्रोमवरचे ठिपके पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने हलक्या हाताने घासावेत. रंगवलेल्या चॅसीवरचा गंज पॉलिशपेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत काढून, रेड ऑक्साइड प्रायमर मारून मग रंग द्यावा. गंजावरच रंग मारला, तर तो खालून पुढे सरकत राहतो.

डिसेंबरात गाडीवरून कोकणात जाणाऱ्यांना खऱ्या मिठाशी सामना करावा लागतो. वाळूवर गाडी नेऊच नये, आणि नेली तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवावी. सोलापूरला परतल्यावर धुऊ म्हणून ठेवले, तर तोवर स्पोक तांबूस झालेले असतात. घरी गाडी झाकताना प्लॅस्टिकचा कागद टाळावा, कारण त्याखाली ओल कोंडते. छपराखाली उभ्या गाडीला जुनी सुती चादर चालते, फक्त ती ओली झाली की काढून वाळवावी.