पॅरानॉर्मल रोमान्स आणि विमेन्स फिक्शन: वाचताना आणि समीक्षा लिहिताना या चुका टाळा

पॅरानॉर्मल रोमान्सच्या, म्हणजे व्हॅम्पायर किंवा माणूस-लांडगा अशा अद्भुत पात्रांशी जुळणाऱ्या प्रेमाच्या कादंबरीवर "प्रेमप्रकरणच फार आहे" असा शेरा मारून दोन तारे देणारे वाचक कमी नाहीत. एका बाईच्या आयुष्यातल्या पेचाभोवती फिरणाऱ्या विमेन्स फिक्शनच्या वाट्याला "काही घडतच नाही" हे ठरलेलं वाक्य येतं. या तक्रारींतून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, वाचक काय समजून पुस्तक उघडून बसला होता तेवढं मात्र कळतं. कादंबरीने काय कबूल केलं होतं ते आधी बघायचं आणि तो शब्द पाळला का ते मग तपासायचं, एवढी सवय लागली तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

चुकीच्या खणातलं पुस्तक

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. अशा वाचनालयांच्या शहरात वाढलेल्या वाचकाच्या डोक्यात खण पक्के असतात: सामाजिक, ऐतिहासिक, रहस्यकथा, भयकथा. मुखपृष्ठावर लांडगा आणि पौर्णिमेचा चंद्र दिसला की तो भयकथेच्या तयारीने बसतो. आपल्या गोष्टींत मुंजाला पिंपळावरून उतरवायचं असतं, हडळीचा बंदोबस्त करायचा असतो. इथे लांडगा हाच नवरदेव! अंगावर काटा आला नाही म्हणून गुण कापायचे, तर त्या लेखिकेने काटा आणायचं कबूल तरी कुठे केलं होतं?

शंका असेल तर एक चाचणी करा. गोष्टीतून प्रेमप्रकरण मनातल्या मनात काढून टाका. गोष्ट कोसळली तर तो पॅरानॉर्मल रोमान्स. खुनाचा तपास, टोळ्यांची लढाई, शापाचा शोध हे सगळं व्यवस्थित चालू राहिलं तर ती अर्बन फॅन्टसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुतकथा, आणि प्रेम हे तिचं उपकथानक. मग उलटं करा, भूत काढून बघा. व्हॅम्पायरच्या जागी रात्रपाळीचा डॉक्टर बसवूनही काही बिघडत नसेल तर अद्भुत केवळ सजावटीला आणलंय. हा दोष खरा आहे आणि समीक्षेत लिहिण्यासारखा आहे. विमेन्स फिक्शनमध्ये नायक असेल किंवा नसेल. त्याला वजा केल्यावरही नायिकेचा पेच शिल्लक राहतो. तिचं नोकरीशी, आईशी, शरीराशी किंवा स्वतःच्या जुन्या निर्णयाशी जे काही अडलेलं आहे, तीच गोष्ट.

याला जोडूनच येते शेवटाबद्दलची तक्रार. रोमान्समध्ये सुखान्त ही अटच असते. दोघं कायमची एकत्र येतात किंवा निदान सध्यापुरती सुखात असतात. इंग्रजी वाचकांत यांना एचईए (हॅपिली एव्हर आफ्टर) आणि एचएफएन (हॅपी फॉर नाऊ) म्हणतात. त्यामुळे "शेवट आधीच कळला" ही टीका होत नाही. तपासायची जागा त्याच्या अलीकडे असते. पुस्तकाचा साधारण तीनचतुर्थांश भाग संपला की दोघांची ताटातूट होते. ती त्यांच्या स्वभावातून येते, की पाच मिनिटं शांतपणे बोलले असते तर मिटलं असतं इतक्या किरकोळ गैरसमजातून? दुसरं असेल तर ते प्रकरण नावानिशी सांगा. विमेन्स फिक्शनला सुखान्ताची सक्ती नाही, पण नायिका सुरुवातीला होती तिथेच शेवटी असून चालत नाही.

मालिकेतलं चौथं पुस्तक

स्टेशनबाहेर किंवा पुस्तक प्रदर्शनात जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं, घरी येऊन उघडलं की तीस पानांत बारा नावं आणि एक अर्धवट युद्ध. पॅरानॉर्मल रोमान्सच्या मालिकांत बहुतेक वेळा दर पुस्तकात नवं जोडपं असतं, म्हणून कुठलंही पुस्तक उचलून चालेल असं वाटतं. जोडपं नवं असलं तरी मागचं वैर, शाप, टोळीचा प्रमुख कोण हे सगळं आधीच्या पुस्तकांतून आलेलं असतं. अर्बन फॅन्टसीत तर तीच नायिका पुस्तकामागून पुस्तक चालते. तिथे मधूनच शिरणं म्हणजे निव्वळ गोंधळ.

विकत घेण्याआधी पहिली चार पानं चाळा, 'याच लेखिकेची इतर पुस्तकं' ही यादी तिथे असते. मालिकेचा क्रम लेखिकेच्या वेबसाइटवरही मिळतो. यादीत दीड, अडीच असे आकडे दिसले तर त्या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या लघुकादंबऱ्या. बहुधा त्या वगळल्या तरी चालतात. घटनाक्रम आणि प्रकाशनक्रम वेगळा असेल तर पहिल्या वाचनाला प्रकाशनक्रमच धरा, कारण रहस्यं त्याच क्रमाने उलगडायची ठेवलेली असतात. आणि मधलंच पुस्तक वाचून समीक्षा लिहिणार असाल तर पहिल्या ओळीत तसं सांगा. "पात्रांची नीट ओळखच करून दिली नाही" हा आरोप चौथ्या भागावर करणं अन्यायाचं आहे.

"व्हॅम्पायर उन्हात कसा फिरतो?"

ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रूढ केली ती 'नोस्फेराटू' या १९२२ सालच्या जर्मन मूकपटाने. तेव्हा 'खरा' नियम कुठला, हा वादच फोल आहे. प्रत्येक कादंबरी आपले नियम आपण ठरवते आणि तिला त्यांनाच जबाबदार धरायचं.

त्यासाठी बुकमार्क म्हणून एक कोरी पट्टी ठेवा. तिच्यावर चार गोष्टी टिपत जा: कोण काय करू शकतं, त्याची किंमत काय मोजावी लागते, काय अजिबात करता येत नाही, आणि माणसांपैकी कोणाकोणाला हे ठाऊक आहे. शेजारी पान क्रमांक. साठाव्या पानावर "जखम भरायला तीन रात्री लागतात" असं असेल आणि तीनशेव्या पानावर नायक तासाभरात उठून लढत असेल, तर तुमच्याकडे दोन पानांचा पुरावा आहे. "जग नीट उभं राहिलं नाही" या मोघम वाक्यापेक्षा तो वाचकाच्या जास्त उपयोगी पडतो. बिघाड बहुतेक वेळा किमतीच्या रकान्यात सापडतो. सुरुवातीला शक्ती वापरली की नायिका आजारी पडते, शेवटच्या लढाईत तिला काहीच होत नाही.

विधिलिखित जोडीदार आणि होकार

या प्रकारात 'नियतीने नेमलेला जोडीदार' हे सूत्र वारंवार येतं. वासावरून, खुणेवरून किंवा स्वप्नातून त्याला कळतं की हीच ती. मग तो पाठलाग करतो, दार अडवतो, तिच्या वतीने निर्णय घेतो. इथे समीक्षक दोन टोकांना चुकतात. काहींना हे सगळं 'उत्कट प्रेम' वाटतं. काहीजण नायक चुकीचं वागला म्हणजे पुस्तकच वाईट असं लिहून मोकळे होतात. पात्र काय करतं आणि पुस्तक त्या कृत्याकडे कसं बघतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन प्रश्न विचारा. नायिका नाही म्हणते तेव्हा ते ऐकलं जातं का? तिला निघून जायचा खरा मार्ग आहे का, की पैसा, घर, ओळखीची माणसं सगळं त्याच्याच ताब्यात? आणि त्याच्या वागण्याची त्याला काही झळ लागते का? तिन्ही उत्तरं नकारार्थी असतील तर तसं स्पष्ट लिहा, प्रसंगासकट.

वयाचंही तसंच. तीनशे वर्षांचा नायक आणि शाळकरी नायिका हे 'तो दिसतो विशीचा' या सबबीने झाकलं जात नाही.

शय्याप्रसंगांबद्दल मराठी समीक्षा हमखास लाजते. "काही प्रसंग धीट आहेत" या वाक्यावरून वाचकाने काय समजायचं? सरळ लिहा: चुंबनापर्यंत आहे; दार बंद होतं तिथे प्रसंग संपतो; किंवा सविस्तर प्रसंग आहेत आणि साधारण किती. घरात आई, मुलगी आणि सासू एकाच किंडलवर वाचत असतील तर ही माहिती किती कामाची आहे, हे वेगळं सांगायला नको. गर्भपात, वंध्यत्वाचे उपचार, घरातली मारहाण, आत्महत्या, स्मृतिभ्रंश हे विषय विमेन्स फिक्शनमध्ये नेहमी येतात. त्यांची सूचना समीक्षेच्या वर वेगळ्या ओळीत द्या. फक्त विषय सांगा, ते कोणाच्या बाबतीत घडतं ते नको.

विमेन्स फिक्शन: "काही घडतच नाही"

ही तक्रार कधी खरी असते, कधी वाचकाचं लक्ष चुकलेलं असतं. ओळखायचा उपाय सोपा आहे. पुस्तकाचे चार भाग करा आणि प्रत्येक भाग संपला की दोन ओळी लिहा: नायिकेला आत्ता काय हवंय, आणि ती काय नाकारतेय. साडेतीनशे पानांच्या पुस्तकात हे दर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी पानांनी आलं. चारही वेळा उत्तर तेच असेल तर खरंच काही घडलेलं नाही, बेधडक लिहा. उत्तर बदललं असेल आणि तुम्हाला ते जाणवलं नसेल, तर मागे जाऊन बदल कुठे झाला ते शोधा. बहुधा तो एखाद्या साध्या फोन कॉलमध्ये किंवा जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत दडलेला असतो.

दुसरी चूक म्हणजे नायिकेचे गुणदोष सासूने नव्या सुनेचे काढावेत तसे काढणं. ती हट्टी आहे, मुलांकडे लक्ष देत नाही, नवऱ्याला उलट बोलते. असेल! ती आवडते का, यापेक्षा ती तशी का वागते हे पुस्तकाने पटवलं का, हे बघायचं असतं. हट्टी नायिका पटवलेली असेल तर ते लेखिकेचं यश धरा.

आजी आणि नात अशा दोन काळांत गोष्ट चालत असेल तर त्याच पट्टीच्या मागे सालं लिहा. वयांचा हिशोब चुकणं ही अशा कादंबऱ्यांत नेहमी सापडणारी चूक. १९४० साली वीस वर्षांची असलेली आजी २०१५ मध्ये पंच्याऐंशीची सांगितली, तर दहा वर्षं गेली कुठे?

आणि लेखिकेचं खासगी आयुष्य पुस्तकात शोधू नका. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही बाई कोण, की पुरुषच, यावर गदारोळ झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या हे पुढे उघड झालं. त्या चौकशीने कथांमधल्या शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या कोंडीबद्दल एक ओळही जास्त समजत नाही.

लोकलमधलं वाचन

नव्वद हजार शब्दांची इंग्रजी कादंबरी मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने साडेसात तास घेते. ठाणे-वाशी प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. जाऊन-येऊन दिवसाला तास धरला तर दीड आठवडा. तुकड्यातुकड्यांत वाचताना नावं विसरतात आणि दोष मात्र "पात्रांची गर्दी" म्हणून पुस्तकावर जातो. काही किंडल पुस्तकांत एक्स-रे ही सोय असते, नावावर बोट दाबून धरलं की पात्र कोण ते कळतं. शेवटची पन्नास पानं तुर्भ्याच्या गर्दीत उभं राहून वाचू नका; ती घरी, सलग वाचा.

समीक्षा लिहिताना

पुस्तक संपवल्या रात्री लिहू नका. शेवटच्या प्रकरणाची धुंदी चढलेली असते आणि मधली दीडशे कंटाळवाणी पानं पुसली जातात. दुसऱ्या दिवशी आधी टिपणं वाचा, मग लिहा. पाचशे शब्दांत कथानकाला शंभर पुरेत. पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही सांगू नका. तो व्हॅम्पायर आहे हे मलपृष्ठावरच छापलं असेल तर ते रहस्य उरत नाही. गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटवर स्पॉयलर, म्हणजे रहस्य फोडणारी वाक्यं, झाकता येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर "पुढे वाचा" येईल या भरवशावर राहू नका, छोटा मेसेज अख्खा दिसतो.

ताऱ्यांचा अर्थ ठिकाणानुसार बघा. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे 'ठीक', तीन म्हणजे 'आवडलं'. शाळेच्या गुणपत्रिकेसारखं तीनला काठावर पास समजून लेखिकेवर दया म्हणून चार देऊ नका. फाटक्या पानांचा किंवा उशिरा आलेल्या पार्सलचा राग विक्रेत्यावर काढा, कादंबरीचा तारा त्यासाठी कापू नका. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहा आणि भाषेबद्दलचा शेरा त्यांच्या खात्यात टाका.

लेखिका शेजारच्या सोसायटीत राहणारी, प्रकाशनाला आपण हजर, पुस्तक सहीसकट भेट मिळालेलं, असं आपल्याकडे सहज घडतं. ॲमेझॉनवर कुटुंबीयांनी आणि जवळच्या मित्रांनी समीक्षा लिहायला बंदी आहे, तिथे लिहूच नका. इतरत्र लिहाल तर ओळख आणि फुकट मिळालेली प्रत, दोन्ही पहिल्या ओळीत सांगा. सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांतही फुकट मिळालेली वस्तू उघड करावी लागते.

पुस्तक अर्धवट सोडणं हा गुन्हा नाही. पन्नास पानं किंवा पाचवा हिस्सा, जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊन थांबलात तर पुरे. समीक्षेत कुठल्या पानावर आणि कशामुळे थांबलात ते लिहा, तारे देऊ नका. न वाचलेल्या शेवटाबद्दल तर अवाक्षर नको, मित्रमंडळींकडून ऐकलेला असला तरीही.