अंजिराची काडी : पालवीवर भाळू नका

संक्रांतीच्या सुमाराला बेळगावात अंजिराचं झाड बोडकं होतं. नवं झाड करायला काड्या तेव्हाच घ्यायच्या, डोळे (काडीवरच्या कोंब फुटायच्या गाठी) फुगायच्या आत. गेल्या वर्षीची फूट, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही. तुतीलाही हेच.

काडीला मूळ फुटावं म्हणून लोक सांगतात, बटाट्यात खोचा, मध लावा, दालचिनी चोळा, हे सगळं सोडा. बटाटा स्वतः कुजतो आणि काडीलाही कुजवतो. अंजिराला रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला लावतात ती पूड, तीसुद्धा लागत नाही. डाळिंबाला मात्र लावलेली बरी.

बुडाला भोकं पाडलेले पारदर्शक ग्लास घ्या. अर्धं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), अर्धी धुतलेली जाड वाळू. आपली तांबडी माती दाबून बसते, ती आत्ता नको. दोन डोळे आत, एक-दोन बाहेर. ग्लासभोवती कागद गुंडाळा आणि उबेला ठेवा; पहाटेच्या गारठ्यात अंगणात नको, फ्रिजच्या डोक्यावर चालेल.

आता खरी परीक्षा. काही आठवड्यांत वर हिरवी पानं येतात आणि लोक पेढे वाटायला निघतात. अहो, ते पान काडीतल्या साठ्यावर फुटलंय, खाली मुळाचा पत्ता नाही! नेमकं याच वेळी मंडळी रोज तांब्याभर पाणी ओततात. मूळच नाही तर ते पाणी पिणार कोण? ओल्याचिंब कोकोपीटमध्ये हवा राहत नाही, बुडाची साल काळी पडून बोटाला बुळबुळीत लागते, आणि आठवड्यात पान माना टाकतं. मग ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी!

कोकोपीट भरण्याआधीच मुठीत करकचून पिळून बघा. एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पसरून सुकवा. नंतर ग्लास उचलून बघायचा. हलका लागला तरच दोन चमचे पाणी. पान कोमेजतंय? वरून प्लास्टिकची पिशवी सैल झाका. पानाला दमट हवा हवी, बुडाला डबकं नको. फेब्रुवारीचं दुपारचं ऊन पिशवीवर येऊ देऊ नका, आत पान शिजतं. आणि उपटून बघणं बंद! मूळ आलंय का, ते कागद काढला की दिसतं.

पांढरी मुळं ग्लासभर फिरली की ग्लासातल्या मिश्रणासकट कुंडीत. जमिनीत लावायचं तर कमी पावसाच्या अथणीकडे मृगाचा पाऊस झाल्यावर. धो धो पावसाच्या खानापूर-कणकुंबीकडे पावसाळाभर कुंडी वळचणीला ठेवा, पाऊस ओसरल्यावर उंचवट्यावर लावा.